पहिले भांडवल कुणाच्या खिशातून येते?

आपल्या वस्त्यांतली शिकलेली पोरे आता सीड फंडिंग, एंजल इन्व्हेस्टर अशी भाषा बोलू लागली आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण या भाषेत एक शब्द फार सहज वापरला जातो, 'फ्रेंड्स अँड फॅमिली राउंड'. म्हणजे धंद्यातला पहिला पैसा घरच्यांकडून आणि दोस्तांकडून उभा करायचा. आम्ही विचारतो, ज्यांच्या आज्याने येसकरपाळी केली, त्यांनी हा राउंड कुणाकडे मागायचा? उत्तर इतिहासात आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने ऐपत असूनही धनसंचय करू नये असे सांगितले आहे. आठव्या अध्यायात तर व्याजाचे दरच वर्णानुसार दिले आहेत. ब्राह्मणाला महिना शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच. वर्षाचा हिशेब केला तर एकाला २४ टक्के आणि दुसऱ्याला ६० टक्के. अतिशूद्र तर या यादीतही नाही. जो जितका खालचा, त्याला पैसा तितका महाग! आज बँका वर्ण पाहून व्याज लावत नाहीत, तारण मागतात. आणि तारण कुणाकडे असते, हे जातीने आधीच ठरवून ठेवले आहे.

या कोंडीला पहिला धक्का कोल्हापुरात बसला. संस्थानात नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना सवर्णांनी बेदम मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. त्यातून 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल उभे राहिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले, बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही प्यायला लावू लागले. महाराजांना एक गोष्ट नेमकी कळली होती. जातीच्या समाजात नुसते भांडवल देऊन भागत नाही, गिऱ्हाईकही द्यावे लागते.

बाबासाहेबांचा अनुभव हेच सांगतो. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. ज्ञान होते, गिऱ्हाईकही येत होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आटले आणि पेढी बंद पडली. बाजार गुणवत्ता पाहतो असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्यामागे शाहू महाराजांनी दिलेले २,५०० रुपये होते. आजच्या भाषेत हेच सीड फंडिंग. 'केसरी'ने मात्र पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. सुरुवात करायला पैसा मिळाला, पण पुढे नेणारे जाहिरातदार आणि ऐपतदार वर्गणीदार नव्हते. १९२३ मध्ये पत्र बंद पडले.

म्हणूनच बाबासाहेबांची मागणी पुढे सरकली. १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी शिक्षण व नोकऱ्यांबरोबर सरकारी बांधकामांच्या ठेक्यांतही अनुसूचित जातींचा वाटा मागितला. सरकार हे देशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे, ते जात पाहून खरेदी करत असेल तर आमचा धंदा उभा राहूच शकत नाही, असा त्याचा अर्थ. केंद्राच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरला तो २०१२ मध्ये. मध्ये सत्तर वर्षे गेली!

तारणाचेही तसेच. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने खालसा करणारा कायदा १९५९ मध्ये अमलात आला. जमिनी परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर; जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. विकता न येणारी जमीन बँक आनंदाने तारण घेईल का?

आज योजना कमी नाहीत. १९७८ चे महात्मा फुले महामंडळ आहे, २०१५ चा अनुसूचित जातींसाठीचा व्हेंचर कॅपिटल फंड आहे, २०१६ ची स्टँड-अप इंडिया २०२५ पर्यंत होती. स्टँड-अप इंडियात १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज मिळत होते. पण ते कर्जच होते. स्वतःचा हिस्सा आधी घालावा लागत होता, धंदा बुडाला तरी हप्ता थांबत नव्हता. आईबापाच्या पैशावर धंदा करणारा तीनदा बुडून चौथ्यांदा उभा राहतो आणि त्याला 'रिस्क टेकर' म्हणतात. आपला पोरगा एकदा बुडाला की थकबाकीदार ठरतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. योजनांचे फॉर्म जरूर भरा, तो पैसा आपल्या हक्काचा आहे. पण मागणी तिथेच थांबवू नका. कर्जाऐवजी भागभांडवल मागा. ४ टक्के खरेदीचा हिशेब प्रत्येक खात्याला माहिती अधिकारात विचारा. आणि जयंतीच्या मिरवणुकीवर खर्च करणाऱ्या मंडळांनी त्यातला काही वाटा वस्तीतल्या एखाद्या पोराच्या धंद्यात घालावा, त्याच्या दुकानातून खरेदी करावी. महाराजांनी भांडवल दिले आणि चहाही प्यायले. या दोन्ही गोष्टी आता आपल्यालाच करायच्या आहेत.

जय भीम!