चाकाचे नट

चाकाचे नट : वाहनाचे चाक हबवर दाबून धरणारे, आतून आटे पाडलेले नट. मोटार, ट्रॅक्टर व ट्रकमध्ये हबमधून बाहेर आलेल्या स्टडवर ते बसतात आणि एका चाकाला चारपासून दहापर्यंत असतात. रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती मोटारीत, म्हणजे बोलीत जिला आरसी कार म्हणतात तिच्यात, आसाच्या टोकावर प्रत्येक चाकाला एकच नट असतो. बैलगाडीत हे काम आसाच्या टोकातली खीळ करते. पण खीळ चाकाला बाहेर येण्यापासून नुसते अडवते, दाबून धरत नाही. नटाचे कामही खिळीसारखेच अडवण्याचे आहे असे पुष्कळांना वाटते, आणि नट आवळण्यातल्या बहुतेक चुका या समजातून होतात.

नट फिरवला की स्टड ताणला जातो. ताणलेला पोलादी स्टड आखडू पाहतो आणि त्या ओढीने चाकाची डिस्क हबवर दाबली जाते. ब्रेकचा झटका आणि इंजिनाचा जोर या दाबलेल्या पृष्ठभागांमधल्या घर्षणातून जातो. ही ओढ टिकली तर नट टिकतो. ट्रकच्या 22 मिलिमीटर व्यासाच्या स्टडला साधारण 600 न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागतो : साठ किलो वजनाचा माणूस मीटरभर लांब दांड्याच्या टोकावर उभा राहिला तर जेवढा होईल तेवढा. त्यातून एकेका स्टडवर 14 ते 18 टनांएवढी ओढ येते. मात्र दिलेल्या पिळाचा साधारण दहावा हिस्साच स्टड ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा नटाच्या तळाशी आणि आट्यांमध्ये घर्षणात संपतो. त्यामुळे गंजलेल्या आट्यांवर पाना घाम काढतो तरी ओढ तुटपुंजी राहते, आणि तेल लावलेल्या आट्यांवर तेवढ्याच जोराने स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. तेल लावायचे की नाही हे नटाच्या प्रकारावर ठरते. सपाट बुडाच्या, वॉशर जोडलेल्या नटाला आट्यांवर एखाद-दोन थेंब चालतात. शंकूच्या आकाराच्या बैठकीचा नट सहसा कोरडाच बसवतात. गॅरेजात सरसकट तेल किंवा सरसकट कोरडे अशी एकच सवय असेल, तर काही गाड्यांच्या बाबतीत ती चुकीची ठरते.

एवढी ओढ आणूनही ट्रकचा स्टड ताणला जातो तो एक दशांश मिलिमीटरच्या जवळपास. नट ढिले होण्याचे मुख्य कारण या आकड्यात आहे. डिस्क आणि हबच्या मध्ये रंगाचा थर, गंजाची पापडी किंवा माती राहिली, तर धावताना ती चेपते. ती ताणाएवढी चेपली की नट तसूभरही न फिरता ओढ जवळजवळ संपते. त्यानंतर डिस्क हबवर सूक्ष्म सरकू लागते आणि मग नट खरोखर फिरतो. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी 1969 साली प्रयोगांनी दाखवून दिले की, आट्यांच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा असे आडवे सरकणे नटाला कितीतरी लवकर सोडवते. त्यांच्या पद्धतीची चाचणी आजही नट-बोल्टांच्या तपासणीत वापरतात. स्प्रिंग वॉशर घातला म्हणजे नट सुटत नाही, हा गॅरेजातला जुना भरवसा या चाचणीत टिकत नाही.

जालना जिल्ह्यात या विषयाला रोजच्या व्यवहाराचे वजन आहे. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बांधकामाची सळई तयार करणाऱ्या भट्ट्या व रोलिंग मिल आहेत. भंगार ट्रकने आत येते आणि बारा मीटर लांबीची सळई ट्रेलरने बाहेर जाते. सळईचा भार दाट असतो. गाडी भरलेली दिसत नाही, पण आसावर पुरते वजन आलेले असते. केंद्र सरकारने 2018 साली चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. हब, स्टड आणि नट मात्र जुन्या गाड्यांवर जुनेच राहिले. मागच्या जोडचाकांत दोन डिस्क एकावर एक बसतात, म्हणजे चेपू शकणारे पृष्ठभागही वाढतात. नव्याने रंगवलेली रिम अशा जोडीत घातली की धोका आणखी वाढतो. रंग गाडीला शोभा आणतो. नटाच्या बैठकीवर आणि डिस्कच्या तोंडावर तो नसलेलाच बरा.

701 किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तासन्‌तास न थांबता धावणे या रस्त्यामुळे शक्य झाले. त्यासोबत गाडीभोवती फिरून चाके बघण्याच्या चहाच्या थांब्यांची संख्याही घटली. चाक काढून बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरांनी नट पुन्हा आवळावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. जालन्याहून मुंबईकडे निघालेल्या ट्रकसाठी हे अंतर छत्रपती संभाजीनगरच्या आसपास भरते. हे आवळणे चाक थंड असताना करायचे असते. तापलेल्या ब्रेक-ड्रमजवळ घेतलेले माप फसवे ठरते.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे. अंबड-घनसावंगी भागात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या ओढताना आणि काळ्या जमिनीत वळणावर औजार उचलताना मागच्या चाकावर आडवा जोर येतो. युंकर यांनी दाखवलेले सरकणे ते हेच. त्यात चिकण माती बैठकीत शिरते. पंक्चर काढून चाक चढवताना फडक्याने पुसलेली माती पुरेशी निघत नाही, तारेचा ब्रश लागतो. सुटत चाललेल्या नटाची खूण डोळ्यांना दिसते : नटापासून बाहेरच्या दिशेने गंजाचे ओघळ, किंवा भोकाभोवती घासून चकाकणारे पोलाद. नटांवर बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे बाण मिळतात. शेजारशेजारचे बाण एकमेकांकडे रोखून लावले की फिरलेला नट दुरून ओळखता येतो. बाण नट घट्ट ठेवत नाही, फक्त चुगली करतो. तेवढ्यासाठीही तो घेण्यासारखा आहे.

आवळण्याच्या दोन रूढ रीती सदोष आहेत. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळणे ही पहिली : गन किती पीळ देते हे कॉम्प्रेसरच्या दाबावर अवलंबून असते, म्हणून तिने नट बसवावा आणि अखेरचा पीळ मापाच्या पान्याने द्यावा. दुसरी रीत पान्याला पाइप लावून त्यावर उड्या मारण्याची. ताण मर्यादेबाहेर गेला की स्टड कायमचा लांबतो, त्याची आखडण्याची शक्ती जाते आणि अति आवळलेला नट ढिल्या नटाइतकाच निकामी होतो. नट एकामागून एक गोलाने न घेता समोरासमोरचे घ्यावेत, नाहीतर डिस्क तिरकी बसते.

ब्रिटनमध्ये अवजड वाहनांच्या गळून पडणाऱ्या चाकांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांत डाव्या बाजूच्या मागच्या चाकांचा वाटा मोठा आढळला. तिथेही गाड्या भारतासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. सरळ आट्यांचा नट डाव्या बाजूला सुटण्याकडे झुकतो म्हणून अनेक जुन्या ट्रकांत त्या बाजूला उलटे आटे देत. आता सपाट बुडाच्या नटांमुळे दोन्हीकडे सरळ आटे चालतात. जुन्या गाडीचा उलट्या आट्यांचा स्टड सरळ समजून पाइपने तोडण्याचे प्रकार अजून घडतात.

प्रतिकृती मोटारींत हेच शास्त्र लहान मापात आणि काही बाबतीत उलट दिसते. जपानच्या तामिया कंपनीने 1976 साली पोर्शे 934 ची बारा पटींनी लहान रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती काढली आणि हा छंद घराघरांत जाऊ लागला. दहाव्या मापाच्या, म्हणजे मूळच्या एक दशांश आकाराच्या, मोटारीत आसाच्या टोकाला 4 मिलिमीटरचे आटे असतात. आसातून आडवी पिन जाते, पिनवर 12 मिलिमीटरचा सहाकोनी तुकडा बसतो, त्यावर रिमची सहाकोनी खाच बसते आणि बाहेरून 7 मिलिमीटर पान्याचा नट. आठव्या मापात सहाकोन 17 मिलिमीटरचा असतो आणि नटाच्या बुडाला दाते असतात. येथे मोटरचा जोर घर्षणाऐवजी सहाकोनातून जातो. नटाने रिम त्या सहाकोनावर बसती ठेवायची असते. पण रिम नायलॉन किंवा तत्सम प्लॅस्टिकची असते. दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू बसते आणि ओढ आपोआप उतरते. ट्रकमध्ये रंगाचा थर जे करतो ते येथे रिम स्वतःच करते.

ओढ उतरली की खाचेत फट पडते, रिम मागेपुढे हलते आणि नटाला सोबत ओढते. कोणत्या बाजूचा नट सुटेल हेही सांगता येते. गाडी वेग घेताना आस पुढे फिरतो, रिम आणि नट क्षणभर मागे राहतात. आटे सरळ असल्यास उजवीकडचा नट त्यामुळे सुटतो आणि डावीकडचा आवळतो. ब्रेक लावताना नेमके उलट घडते. ताकदवान बॅटरीवर उड्या मारणारी, हवेत चाके भरधाव फिरवून जमिनीवर आपटणारी मोटार हा झटका दर मिनिटाला अनेकदा देते. मराठवाड्यातल्या खडकाळ माळावर किंवा नांगरटीच्या ढेकळांत तर आडवा जोर सतत असतो.

उपाय म्हणून नायलॉनचे कडे असलेला नट वापरतात. आसाचे आटे त्या कड्यात स्वतःची वाट कोरत जातात आणि त्या घट्टपणामुळे नट ओढ संपल्यावरही गळत नाही. आटे कड्याच्या बाहेर एक-दोन फेरे दिसले पाहिजेत, नाहीतर कडे पकडतच नाही. दर काढघालीत कडे झिजते. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरू लागला की तो टाकून द्यावा. साधारण 120 अंश सेल्सियसच्या वर नायलॉन भरवशाचे राहत नाही, म्हणून ब्रेकच्या उष्णतेत बसणाऱ्या ट्रकच्या नटात ते चालत नाही.

आटे पकडून ठेवणारा द्रव हा दुसरा उपाय. अमेरिकेत व्हर्नन क्रीबल यांनी 1953 मध्ये असा द्रव तयार केला, तोच पुढे लॉकटाइट या नावाने खपला. हवा नसलेल्या जागेत, धातूच्या संपर्कात तो घट्ट होतो. पोलादी आस व धातूच्या नटावर त्याचा उपयोग होतो. निळ्या रंगाचा द्रव पुन्हा सोडवता येतो, लाल रंगाचा सोडवायला उष्णता लागते आणि ती देताना रिम वितळू शकते. पॉलिकार्बोनेटसारख्या काही प्लॅस्टिकांना या द्रवाने तडे जातात, म्हणून तो रिमकडे ओघळू देऊ नये. दातेरी बुडाच्या नटाला तो सहसा लागतच नाही. दाते बोथट झाले असतील किंवा रिमची खाच घासून गोल झाली असेल, तर द्रवावर विसंबू नये. नट किंवा रिम बदलावी.

आवळून झाल्यावर चाक बोटाने फिरवून पाहावे. जड फिरले तर बेअरिंगवर दाब आलेला आहे. पाव फेरा मागे घ्यावा, आणि पहिली बॅटरी संपल्यावर नट पुन्हा तपासावा.