आकाशातून उतरलेला खाऊ

इ. स. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे व जलमार्ग रोखले. वीस लाखांहून अधिक माणसांसाठी धान्य व कोळसा विमानांनी आणावा लागला. त्या कामावरील अमेरिकन वैमानिक गेल हॅल्व्हर्सन यांनी जुलैत टेम्पलहॉफ विमानतळाच्या कुंपणापाशी जमलेल्या मुलांना आपल्याजवळच्या च्युइंगमच्या दोन वड्या दिल्या. मुलांनी त्या तोडून वाटून घेतल्या; ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांनी वेष्टनाचा नुसता वास घेतला. ते पाहून हॅल्व्हर्सन हातरुमालांच्या छत्र्यांना चॉकलेटे बांधून खाली सोडू लागले. विमानाचे पंख डुलले, की मुले खूण ओळखीत. पुढे इतर वैमानिकही त्यांना मिळाले आणि वीस टनांहून अधिक खाऊ उतरला.

एवढ्याने शहराची भूक भागली नाही. देवळातील प्रसादाने तरी पोट कोठे भरते? परंतु तळहातावरच्या त्या कणाने आपणांस कोणी विसरलेले नाही, हे कळते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच आकाशातून बॉम्ब पडत होते. हॅल्व्हर्सन २०२२ मध्ये १०१ वर्षांचे होऊन निवर्तले. तोवर वार्धक्यास पोहोचलेली ती मुले त्यांना कृतज्ञतेने भेटत राहिली. चॉकलेट क्षणात विरघळते. ते देणारा हात मात्र जन्मभर आठवतो, असे आम्हांस वाटते.