लक्ष्मीबाईंची कसोटी

पणत्यांच्या ओळीत निराशेचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. निराशा पचवून हसत राहिलेल्या एका बाईची ही हकीकत आहे, आणि तिचा एक धागा आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून निघतो.

त्याआधी थोडे दूर, डेन्मार्ककडे जाऊ. ज्याला अस्तित्ववादाचा आद्य पुरुष मानतात, तो सोरेन किर्केगार्ड (१८१३–१८५५) कोपनहेगनचा. निष्ठावंत ख्रिस्ती, पण शेवटच्या वर्षी तिथल्या राजमान्य चर्चशीच भांडलेला. १८४९ साली त्याने निराशेवर एक ग्रंथ लिहिला. निराशा म्हणजे नुसते दुःख नव्हे, तो आत्म्याचा आजार आहे, असे त्याचे म्हणणे. तिचे दोन प्रकार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एकात माणसाला आपण ‘आपण’ असणेच नकोसे होते. तो दुसऱ्या कुणाची सावली होऊ पाहतो. दुसऱ्यात तो आपल्याच दुःखाला हट्टाने कवटाळून बसतो. उपाय एकच : गर्दीचा आडोसा सोडून देवापुढे एकट्याने उभे राहायचे.

आता करजगावला येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या खेड्यात कवी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली, घर सुटले, आणि मुलगा नाशिकला विद्येच्या मागे लागला. पुढे संस्कृत, कविता, धर्मचिंतन असे सारे झाले, पण मनाची तगमग थांबेना. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा ‘नवा करार’ वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहान मुलगा. पती हयात असून संसार नाही. विधवेचे दुःख समाजाला ठाऊक होते, या दुःखाला मात्र नावही नव्हते. १८६६च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याला असा विवाह मोडून घेण्याची वाट मोकळी होती. टिळकांनी ती धरली नाही. ते वाट पाहत राहिले. बाई पंढरपुरात आप्तांच्या आश्रयाने दिवस काढीत होत्या.

चार-पाच वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण आपले सोवळे सांभाळूनच. माझ्या मते सगळ्या हकीकतीचे मर्म इथे आहे. पतीमागोमाग त्याच दिवशी त्यांनी धर्म बदलला असता, तर त्या त्यांची सावली झाल्या असत्या. जन्मभर कडवटपणा धरला असता, तर दुःखाच्या दासी झाल्या असत्या. त्या या दोन्ही वाटांनी गेल्या नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला. मग सोवळे गेले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. कुणी तो निर्णय चूक म्हणो की बरोबर; तो त्यांचा होता, एवढे खरे. किर्केगार्डला ही बाई नक्की ओळखीची वाटली असती.

टिळकांचाही पीळ तसाच. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला : भारतीय वळणाचा, पाश्चात्त्य मिशनपासून स्वतंत्र. ९ मे १९१९ रोजी ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ज्या पत्नीला त्यांनी अक्षरओळख करून दिली होती, तिनेच ते पुढे नेऊन पूर्ण केले.

आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. घर मोडल्याची हकीकत त्यांत आहे, पण पानोपानी खुसखुस हसूही आहे. आणि ते बहुतेक वेळा स्वतःलाच हसणे आहे. ज्याला आपण आपले असणे नकोसे झाले, त्याला असे हसता येत नाही. यंदाच्या सुटीत ते पुस्तक घरात मोठ्याने वाचावे. मुले हसतील, आजी मध्येच डोळे पुसतील.