फ्लीट स्ट्रीटवरची १२ मिनिटं

लंडन, जानेवारी १९४२, शनिवारची दुपार. ‘डेली टेलिग्राफ’च्या इमारतीत तुम्ही एका सुट्या टेबलाशी बसला आहात. आजूबाजूला अशीच पंचवीस-तीस टेबलं. समोरच्या मंचावर संपादक आर्थर वॉटसन, वेळ लावणारा एक जण आणि एक्सेंट्रिक क्लबचे अध्यक्ष गॅव्हिन. टेलिग्राफचं शब्दकोडं काही मिनिटांत सुटतं, त्यात दम राहिला नाही, अशी पत्रं वाचक लिहू लागले, तेव्हा गॅव्हिननी पैजेची भाषा केली. १२ मिनिटांच्या आत कुणी सोडवून दाखवलं, तर समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजांच्या निधीला १०० पौंड. म्हणून तुम्ही इथे आहात.

पुढच्या आठवड्याची कोडी बंद पाकिटांत आहेत. वॉटसन त्यातलं एक उचलतात. निघतं मंगळवारचं कोडं, क्रमांक ५०६२.

सुरू करा.

पहिला आडवा शब्द नाटकमंडळींचा, ६ अक्षरी: ट्रूप. यात काही लपवलेलं नाही, लिहून टाका. पुढे एका ठिकाणी नुसतं ‘झाड’, ३ अक्षरं. ॲश, ओक, एल्म, यू, फर, सगळीच बसतात. एखाद्या उभ्या शब्दाचं अक्षर मिळेपर्यंत तिथे पेन्सिल टेकवू नका.

आता नीट बघा. ‘हे गाव पुराला तयार आहे का?’ ६ अक्षरं. तुम्ही मनातल्या मनात इंग्लंडच्या नद्या धुंडाळू लागता, कुठे बंधारा आहे, कुठे धक्का. तेच तर रचणाऱ्याला हवं आहे. पूर कोणता? बायबलमधला. मग लागतं तारू, म्हणजे आर्क. नवं तारू बांधून ठेवलेलं गाव: न्यू आर्क, न्यूअर्क. ट्रेंट नदीकाठचं हे गाव खरोखरच आहे. गाव या अर्थानं उत्तर जुळलं आणि फोड करूनही जुळलं. ही दोन अंगांनी पटणारी खात्री हीच या खेळातली खरी मजा. तिच्यासाठीच मी अशा कोड्यांपुढे तासन् तास बसायला तयार असतो.

तसाच ३ अक्षरांचा एक क्लू: आमच्याकडे शून्य, आणि आम्ही कर्जात. शून्याचा ओ, पुढे ‘आम्ही’ या अर्थाचा ‘वी’: ओ, डब्ल्यू, ई. झालं ‘ओ’, देणं असणं. अमेरिकेच्या लेंड-लीज योजनेतल्या उसन्या सामग्रीवर लढणाऱ्या देशात हा क्लू जरा बोचत असेल. पण बांधणी बघा, एकही शब्द फुकट गेलेला नाही.

उभ्या शब्दांत एके जागी फक्त ‘द वॉर’ लिहिलंय आणि अक्षरं फिरवायला सांगितलंय. टी, एच, ई, डब्ल्यू, ए, आर. समासात ती गोलाकार मांडा, म्हणजे त्यांची मूळ ओळ डोळ्यांपुढून जाते. रीथ! थडग्यावर वाहतात ते पुष्पचक्र. बाहेर युद्धाचं तिसरं वर्ष चालू आहे. रचणाऱ्याला हे दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

घंटा वाजते. चौघांची उत्तरं मुदतीत आणि बिनचूक आहेत. त्यांतला सर्वांत वेगवान ७ मिनिटं ५७.५ सेकंदांचा. त्याच्याही आधी, ६ मिनिटं ३.५ सेकंदांत एकानं कागद दिला होता, पण एका शब्दाचं स्पेलिंग चुकल्यानं तो बाद झाला. हिशेबनिसांच्या कचेरीतले स्टॅन्ली सेजविक एका शब्दानं राहिले. त्या दिवशीचं कोडं त्यांनी वॉटर्लूला येताना गाडीतच १२ मिनिटांच्या आत सोडवलं होतं. सगळ्यांना चहा मिळतो आणि मंडळी पांगतात.

मंगळवारी तेच कोडं छापून येतं. आता घड्याळ नाही. मंगळवारचा अंक मांडीवर घ्या आणि कोड्याची परीक्षा करा. कोडं सुटलं म्हणजे ते चांगलं होतं असं नाही.

‘द वॉर’ पुन्हा वाचा. अर्थाचा दुवा कुठे आहे? कुठेच नाही. त्याच ६ अक्षरांतून ‘थॉअर’, म्हणजे बर्फ वितळवणारा, हाही शब्द निघतो. निवाडा फक्त आडवी अक्षरं करतात. मनाला भिडणारा क्लू, पण अर्धा. दुसरा एक घ्या: छोट्या गड्याकडे थोडी बिअर आहे, तिनं माझा रंग उडतो म्हणे. छोटा खोडकर तो ‘इम्प’, बिअर म्हणजे ‘एल’, मिळून ‘इम्पेल’. तेच तोडून वाचलं तर ‘आय एम पेल’, मी फिका पडलो. दोन फोडी, दोन्ही सुरेख. पण इम्पेल म्हणजे भोसकणं, आणि भोसकण्याचा क्लूत मागमूस नाही. याला मी पूर्ण गुण देणार नाही.

हा काटेकोरपणा १९४२ च्या दैनिकात अजून रुळायचा आहे. ‘ॲफ्रिट’ या नावानं कोडी रचणारे रिची १९४९ मध्ये नियम घालून देतील: रचणाऱ्याच्या मनात दुसरंच असलं तरी चालेल, पण कागदावरच्या शब्दांतून खरा अर्थ निघालाच पाहिजे. न्यायशास्त्रातलं ‘नवकंबल’ आपल्याला ठाऊक आहे. बोलणारा नवं कांबळं म्हणतो, प्रतिपक्षी मुद्दाम नऊ मोजतो. वादात हा छल दोष ठरतो. इथे तोच रचणाऱ्याचा धर्म, फक्त नऊचाही हिशेब लागला पाहिजे.

काही आठवड्यांनी सेजविक यांना ‘गोपनीय’ शिक्क्याचं पत्र येतं. राष्ट्रीय महत्त्वाच्या कामासाठी जनरल स्टाफच्या एका कर्नलना भेटावं, असं त्यात आहे. त्यांच्यामागोमाग तुम्हीही निघा. ही वाट ब्लेचली पार्कला जाते, शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्राकडे. तिथे सेजविक जर्मन हवामानाच्या सांकेतिक संदेशांवर काम करतील.

इथला रचणारा तुमच्याशी कसलाही करार करत नाही. आपलं कोडं कधीच सुटू नये, हीच त्याची इच्छा. मग दुसरी वाट कुठून काढायची? त्याच्या सवयींतून. हवामानाचे संदेश ठरावीक वेळी, ठरावीक शब्दांत जातात. संदेशात ‘हवामानाचा अंदाज’ या अर्थाचा लांबलचक जर्मन शब्द असणार असं धरा. तो कागदाच्या पट्टीवर लिहा आणि एनिग्मा या जर्मन यंत्रानं सांकेतिक केलेल्या ओळीखाली लावा. एनिग्मा यंत्र कुठल्याही अक्षराच्या जागी तेच अक्षर कधीच देत नाही. म्हणजे पट्टीवरचं अक्षर वरच्या अक्षराशी जुळलं, तर शब्द त्या जागी नाही, हे नक्की. न जुळलं तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. पुढची तपासणी यंत्रावर करायची आहे. दुसऱ्या घरात वर ई, खाली ई. पट्टी एक घर पुढे सरकवा आणि परत पहिल्या अक्षरापासून बघा.