हळदीच्या ट्यूबची कुळकथा

मोहगावच्या लग्नात नवरीला जी हळद लागते ती वरपक्षाकडून आलेली असते. नवरदेवाला लावून उरलेली, म्हणून उष्टी हळद. ती घेऊन येणारे वाटेत असतात, इकडे पाट मांडून ठेवलेला असतो आणि बाया एकमेकींना विचारत असतात, ‘‘हयद आली का वो?’’ हळद आली की सुवासिनी आंब्याच्या पानाने ती पायांपासून वर डोक्यापर्यंत चढवतात, मग ओंजळी भरभरून चोपडतात, आणि शेवटी करवल्यांच्या तोंडालाही फासतात. मोहगाव ज्यात येतं तो सौसर-पांढुर्णा हा भाग १९५६ साली राज्यांच्या मांडणीत मध्य प्रदेशात राहिला, २०२३ मध्ये त्याचा वेगळा पांढुर्णा जिल्हाही झाला. पण लग्नाचा बस्ता अजून नागपूरच्या इतवारीतून येतो आणि हळदीचा शास्त्रार्थ विदर्भातलाच चालतो.

त्या बस्त्याच्या पिशवीत गेली चाळीस-पन्नास वर्षं आणखी एक वस्तू असते : विको टर्मरिकची ट्यूब. पाटावरची हळद एका दिवसाची, ट्यूबमधली रोजची. दोन्हींचं गोत्र एकच. मधल्या पिढ्यांत मात्र असं काही घडलं आहे की ही ट्यूब औषध की सौंदर्यप्रसाधन, हे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं.

मूळ पुरुषापासून सुरुवात करायची तर चरकाकडे जावं लागतं. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे दहा-दहांचे गट आहेत. त्यातला एक गट कांती सुधारणाऱ्या, म्हणजे वर्ण्य द्रव्यांचा. चंदन, वाळा, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, सारिवा अशी मंडळी त्यात आहेत. हळद नाही! ती आहे कुष्ठघ्न गटात, खैर, हिरडा, आवळा, सातवीण, बहावा, कण्हेर, वावडिंग यांच्या पंगतीला. म्हणजे चरकाच्या लेखी ती त्वचारोगाचं औषध. रंग उजळवण्याचं काम त्याने तिच्याकडे दिलेलं नाही. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाशात हळदीची नावं दिली, त्यात मात्र कृमिघ्नी आहे तशीच वरवर्णिनी आहे, योषित्प्रिया म्हणजे बायकांची लाडकी आहे, आणि हट्टविलासिनी म्हणजे बाजाराची शोभाही आहे. जाहिरात कंपनीला याहून काय हवं? पण भावमिश्राला यात विरोध दिसला नाही हे महत्त्वाचं. जंत मारणारी आणि रूप खुलवणारी ही एकच वस्तू, आणि ती दोन खणांत ठेवायची गरज घरातल्या कुणालाही कधी वाटली नव्हती.

दिवाळीच्या उटण्यातही हीच सरमिसळ. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, चंदन, बावची, गुलाबाच्या पाकळ्या. बावची पांढऱ्या डागांवरचं औषध, गुलाब वासासाठी, आणि दोन्ही एकाच वाटीत. पोराच्या गुडघ्याला खरचटलं तर त्याच डब्यातली हळद, बाळंतिणीला दुधातून तीच, आणि देवीला तीच.

हळद घरातून बाजारात न्यायची तर रसायनशास्त्र आडवं येतं. तिचा पिवळेपणा कर्क्युमिन नावाच्या द्रव्याचा. फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी ते १८१५ साली वेगळं काढलं. सुकल्या हळकुंडात ते साधारण तीन ते सहा टक्के असतं. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत ते जास्त, म्हणून तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कर्क्युमिनच्या खोडी दोन. ते पाण्यात विरघळत नाही पण कापडाला घट्ट धरतं, आणि अल्कली लागली की लाल होतं. दुसऱ्या खोडीवर आपलं कुंकू उभं आहे : हळदीत चुना किंवा टाकणखार घातला की पिवळ्याचं लाल. ज्या गुणाने कपाळाला कुंकू दिलं तोच क्रीम करणाऱ्याची डोकेदुखी ठरतो.

कारण शहरी बायका तोवर ज्याला भुलल्या होत्या ते ‘स्नो’ किंवा व्हॅनिशिंग क्रीम म्हणजे मुळात अर्धवट साबण. स्टिअरिक आम्लात थोडी अल्कली घालायची, त्यातल्या काही आम्लाचा साबण होतो, तो उरलेल्या आम्लाला पाण्यात धरून ठेवतो, आणि मोत्यासारखी चमक असलेलं पांढरं मलम तयार होतं. चोळलं की दिसेनासं होतं. परदेशातून हेझलिन स्नो आणि पॉन्ड्स येत. मुंबईत १९१९ साली ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो काढला आणि देशी स्नोची वाट पाडली. १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केलं. हे सगळे डबे पांढरे आणि वास बहुतेक विलायती फुलांचे. त्यात हळद घालावी असं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी ‘अंगाला हळद लागलेली बाई ऑफिसात कशी जाईल’ हा प्रश्न होताच.

त्याच १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत परळला विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. आद्याक्षरं जोडली की विको. पेंढरकर मूळ नागपूरकडचे, तिथे किराणा-रेशनचं छोटं दुकान चालवणारे. मुंबईला येऊन एक-दोन धंदे करून पाहिले आणि मग दातांकडे वळले. अठरा वनस्पतींची वज्रदंती दंतमंजनाची पूड राहत्या घरात तयार होई आणि दारोदार फिरून विकली जाई. पुढे त्यांचा मुलगा गजानन पेंढरकर धंद्यात आला. १९७५ साली हळदीचा अर्क आणि चंदनाचं तेल असलेली क्रीम बाजारात आली. ती पिवळीच होती! लोकांना डाग पडण्याची धास्ती. मग विक्रेत्यांनी काय करावं, तर दुकानात आरसा समोर धरून गिऱ्हाइकाच्या देखत क्रीम लावून दाखवायची. बाकीचं काम चित्रपटगृहांनी केलं. मध्यंतरात वेगवेगळ्या भाषांत विकोची जाहिरात लागे, आणि १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका सुरू झाली ती विकोच्या प्रायोजकत्वाने. जाहिरातीचं गाणं गावोगावच्या पोरांना तोंडपाठ झालं. त्या गाण्यात क्रीम काय आहे हे सांगण्याबरोबरच काय नाही हेही ठासून सांगितलेलं होतं : हे कॉस्मेटिक नव्हे. सौंदर्याची वस्तू विकताना ती सौंदर्याची नव्हे असं गाण्यातून सांगणारी दुसरी जाहिरात मला आठवत नाही.

त्यामागे काव्य कमी आणि कर जास्त होता. १९४० च्या औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच. १९६२ च्या दुरुस्तीने ती आली आणि कायद्याच्या नावातही शिरली. व्याख्या अशी, की स्वच्छतेसाठी, सुंदर दिसण्यासाठी, आकर्षकपणा वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी अंगावर चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची कोणतीही वस्तू. (या व्याख्येत मोहगावच्या मांडवातली परातभर हळद आरामात बसते, सुदैवाने तिच्यासाठी कुणी परवाना मागत नाही.) १९६४ मध्ये त्याच कायद्यात आयुर्वेदिक औषधांचं वेगळं प्रकरण आलं. म्हणजे ज्या वस्तू भावमिश्राने एका श्लोकात नांदवल्या त्यांच्यासाठी सरकारने दोन खण केले. अबकारी खात्याकडेही दोन खण होते आणि त्यांच्या दरांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. प्रसाधनं ही चैन, म्हणून तिच्यावर जबर कर. आयुर्वेदिक औषधावर सूट किंवा नाममात्र कर.

सत्तरीचं दशक संपता संपता अबकारी खात्याने विकोला सांगितलं की तुमची क्रीम आणि तुमचं दंतमंजन ही प्रसाधनं आहेत. कंपनी म्हणाली, आमच्याकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना आहे, घटक ग्रंथांतले आहेत. ठाण्याच्या दिवाणी न्यायालयातून निघालेला हा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नव्या शतकात मिटला. तिथे खटल्याचं नावच ‘केंद्रीय अबकारी आयुक्त, नागपूर विरुद्ध विको लॅबोरेटरीज’ असं होतं, कारण कंपनीचा कारखाना नागपुरातही आहे. विको जिंकली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते एवढ्याने वस्तू औषध राहत नाही असं होत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा.

गंमत अशी, की नागपूरच्याच आयुक्तालयाचा दुसरा तसाच खटला उलट्या बाजूने सुटला. १९१७ साली कोलकात्यात निघालेल्या आणि नागपुरात मोठा पसारा असलेल्या बैद्यनाथचं लाल दंतमंजन. १९९५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते औषध मानलं नाही. कसोटी साधी लावली : लोक या वस्तूकडे काय म्हणून पाहतात? रोज सकाळी दात घासायला जे वापरतात ते औषध कसं? तर एका घरात, एकाच मोरीच्या कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंपैकी एक औषध ठरली आणि दुसरी प्रसाधन. दोन्ही निकालांचा आपापला तर्क आहे, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचले की मला तरी ही रेघ शरीरशास्त्राची वाटत नाही. ती करवसुलीची रेघ आहे.

आणि या रेघेवरच पुढचा सगळा ‘हर्बल’ धंदा उभा राहिला. विकायचं रूप, परवाना घ्यायचा औषधाचा. वेष्टनावर पानाचं चित्र, खल-बत्त्याचं चित्र, आत बहुतांश तीच स्टिअरिक आम्लाची खीर. विकोने हे केलं म्हणून तिला दोष द्यायचा नाही. तिच्या ट्यूबमध्ये निदान नावातली हळद होती आणि तिने ती लपवून पांढरी केली नाही. मागून आलेल्या कित्येकांनी हळदीचं नाव घेतलं आणि रंग डब्यातला वापरला.

१९७५ हे साल आणखी एका ट्यूबचं. हिंदुस्तान लिव्हरची फेअर अँड लव्हली त्याच वर्षी बाजारात आली. एक ट्यूब म्हणे त्वचा निरोगी ठेवते, दुसरी म्हणे गोरी करते. पण दुकानात जाऊन बघा, गिऱ्हाईक तेच होतं : लग्नाला आलेली मुलगी आणि तिची आई. चरकाने जिला वर्ण्य म्हटलं नव्हतं त्या हळदीला ‘उजळ कांती’चं ओझं लग्नाच्या बाजाराने वाहायला लावलं. दुसऱ्या ट्यूबला २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली करावं लागलं. पत्रिकेसोबत जाणाऱ्या माहितीपत्रकातला ‘वर्ण : गोरा’ हा रकाना मात्र अजून कुणी खोडलेला नाही. तो खोडणं हे कंपनीचं नव्हे, आपलं काम.

हळदीवर हक्क कुणाचा हा वाद सातासमुद्रापारही झाला. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून येते या ‘शोधा’चं पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने बत्तीस संदर्भ पुढे केले, त्यात जुने ग्रंथ होते तसा भारतीय वैद्यक नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. तिथेही वाद हळद जखमेला लावण्याचाच होता, गालाला लावण्याचा नव्हे.

आता सौसर-मोहगावकडे हळदीचा ‘कार्यक्रम’ होतो. झेंडूच्या माळा, सगळ्यांना पिवळे कपडे, छायाचित्रकार, आणि हळद म्हणून पाकिटातली पूड. या पाकिटांबद्दल थोडी सावधगिरी हवी. भडक पिवळेपणासाठी हळदीत मेटॅनिल यलो नावाचा कपड्यांचा रंग किंवा शिसं असलेलं लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार देशात पकडले गेले आहेत. उन्हात ठेवली की खरी हळद फिकट पडते. महिनोन् महिने तशीच झळझळीत राहणारी पूड अंगाला लावूच नये. ओळखीच्या शेतातलं हळकुंड आणून घरी दळलेलं बरं.

ट्यूबचं म्हणाल तर रेघ अजून तिथेच आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा आयुर्वेदिक औषधांवर १२ टक्के आणि चेहऱ्याच्या क्रीमांवर २८ टक्के कर होता. त्या नोव्हेंबरात क्रीमांचा १८ वर आणला. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात हळदीची, कोरफडीची, केशराची ट्यूब हातात घ्याल, ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. ‘आयुर्वेदिक औषध’ असं लिहिलं असेल तर घटकांची नावं आणि प्रमाण तपासा, आणि अर्क नावापुरताच असेल तर दुकानदाराला परत द्या.