गिअर, किक आणि पायताण

एके काळी बँकेत किंवा सरकारी कचेरीत मोटारसायकलवाला कारकून ओळखायला त्याच्या हातातले हेल्मेट बघावे लागत नसे. टेबलाखालचे डावे पाऊल दिसले की काम भागे. उजवा बूट चकचकीत, आणि डाव्याच्या बोटांवर आडवा, काळपट ओरखडा. लोखंडी गिअर लिव्हरखाली बुटाचे टोक घालून ती वर उचलायची, आणि हे शहरातल्या रहदारीत दर सिग्नलला, दर खड्ड्याला करायचे. पॉलिशने रंग परत येतो, कातड्याची निघालेली साल परत येत नाही. जुन्या बुलेटवाल्याचे खूण पटवणारे पाऊल मात्र उजवे, कारण त्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता.

मोटारसायकलसाठी वेगळा बूट ही कल्पना युरोप-अमेरिकेत रुजली, तिचा धंदा झाला, त्यातून मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. भारतात दुचाक्यांचा महापूर आला तरी हा बूट रोजच्या वापरात कधी शिरलाच नाही. इथे माणसाने गाडीसाठी पायताण बदलले नाही. कंपन्यांना गाडीच बुटाच्या आणि खरे तर चपलेच्या कलाने घ्यावी लागली.

याची पहिली पायरी इटलीत घडली, तीही मोटारसायकलचा तिटकारा असलेल्या माणसाच्या हातून. कोरादिनो द'आस्कानिओ हा विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्यात रमलेला अभियंता. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाज्जिओ कंपनीने त्याला स्वस्त दुचाकी बनवायला सांगितली. उघडे इंजिन, तेलाचे शिंतोडे, चेनचे ग्रीस, पाय पलीकडे टाकून बसण्याची कसरत, हे सगळे त्याला नकोसे वाटे. एप्रिल १९४६मध्ये पेटंटसाठी नोंदवलेल्या व्हेस्पात म्हणून इंजिन पत्र्याआड गेले, चेन नाहीशी झाली, पुढे चिखल अडवणारी ढाल आली, पाय ठेवायला सपाट फळी आली आणि गिअर पायाकडून काढून डाव्या हाताच्या मुठीत दिला गेला. कामावर जाणाऱ्या माणसाने घरून निघताना जे घातले असेल, त्याच कपड्यांत आणि बुटांत त्याने पोहोचावे, असा तो सगळा बेत होता.

बजाजने पियाज्जिओच्या परवान्याने १९६०च्या सुमारास व्हेस्पा बनवायला घेतली. पुढे तो करार संपला आणि १९७२मध्ये चेतक आली. ती मिळवण्यासाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबत. दहा-दहा वर्षांच्या प्रतीक्षेच्या गोष्टी अजून घराघरात सांगितल्या जातात. हमारा बजाजच्या जाहिरातींनी ही स्कूटर भारतीय कुटुंबाचे चित्र म्हणून ठसवली, पण तिच्या लोकप्रियतेत पावलांचाही वाटा होता. गिअर हातात असल्याने डाव्या पायाला काही कामच उरले नव्हते. धोतर नेसलेले गुरुजी, कोल्हापुरी घातलेले वकील, बाटाच्या काळ्या बुटातले साहेब, कोणालाही ती चालत होती. उजव्या पायाकडे फळीवरचा ब्रेक तेवढा होता, आणि तो तळव्याने दाबायचा.

किक मात्र होती. सकाळी गार पडलेली स्कूटर एका बाजूला कलती करायची, सरळ करायची आणि मग किक मारायची, हे दृश्य प्रत्येक वाड्यासमोर आणि प्रत्येक कॉलनीत होते. किक उलटी फिरली तर चप्पल कुठे, पाय कुठे आणि नडगी कुठे, याचा हिशेब लागत नसे. पातळ तळव्याच्या स्लिपरमधून किकचा दांडा तळपायात रुतायचा तो वेगळाच.

मोटारसायकलींचे त्याहून कठीण होते. १९५५मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडातल्या रेडिचची रॉयल एन्फिल्ड यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया काढली आणि बुलेट इथे तयार होऊ लागली. तिचा पहिला गिअर वर उचलून आणि बाकीचे खाली दाबून टाकायचे, शिवाय टाचेने दाबायची एक छोटी लिव्हर वेगळी, फक्त न्यूट्रल सापडावा म्हणून. लष्कर आणि पोलीस हे तिचे मोठे गिऱ्हाईक. त्यांच्या पायात जाड कातड्याचे घोट्यावरचे बूट असत, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. भारतात मोटारसायकल आणि बूट यांचा खरा मेळ कुठे बसला असेल तर तो या गणवेशात, आणि तोही गाडीसाठी नव्हे, कवायतीसाठी दिलेल्या बुटांमुळे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून निघालेल्या जावा आणि पुढे येझदीने आणखी एक गंमत केली: गिअरची लिव्हर आत दाबून वर फिरवली की तीच किक व्हायची. एकाच दांड्यावर डाव्या पायाची दोन्ही कामे. जावावाल्याच्या डाव्या बुटाचा त्यामुळे दुप्पट कस लागे.

पुण्याच्या कायनेटिकने १९७२मध्ये लूना आणली आणि पायाचा प्रश्नच बाजूला सारला. तिला सायकलसारखे पायडल होते, गिअर नव्हता. साडी नेसून, साधी चप्पल घालून शिक्षिका, परिचारिका, पोस्टातल्या बायका लूनावर कामाला जाऊ लागल्या. १९८४मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने उरलेली अडचणही काढली: गिअर आपोआप आणि बटण दाबले की गाडी चालू. उंच टाचेच्या सँडलने किक मारायची वेळ पहिल्यांदाच टळली. स्त्रियांच्या नोकरीचा इतिहास लिहिताना या बटणाचा उल्लेख व्हायला हवा. तो सहसा होत नाही.

पण सगळ्यांत हुशार युक्ती मोटारसायकलवरच आली. होंडाने १९५८मध्ये जपानात सुपर कब ही छोटी गाडी काढली होती, ती सोबाच्या शेवया घरोघर पोहोचवणाऱ्या पोऱ्यालाही एका हाताने चालवता यावी अशी. तिच्या गिअर लिव्हरला दोन टोके होती, एक चवड्याखाली आणि एक टाचेखाली. पुढचे दाबले की वरचा गिअर, मागचे दाबले की खालचा. पाऊल वर उचलून काही करायचेच नाही, सगळे काम तळव्याचे. हीच रीत १९८५मध्ये हिरो होंडाच्या सीडी १००वर भारतात आली आणि पुढे स्प्लेंडरने ती गावोगाव नेली. त्या वर्षांत आलेल्या शंभर सीसीच्या जपानी वळणाच्या मोटारसायकलींबद्दल मायलेजच्या गप्पा खूप झाल्या. या दुहेरी लिव्हरने काय केले ते कोणी फारसे बोलले नाही. बुटाचे वरचे कातडे वाचले. त्याहून महत्त्वाचे, चप्पलवाल्याची उघडी बोटे वाचली, कारण लोखंडाखाली बोटे घालून ते उचलण्याचा प्रसंगच उरला नाही. शेतातून परस्पर तालुक्याच्या बाजाराला निघालेला माणूस स्लिपर घालून चारही गिअर टाकू शकत होता. मोटारसायकल ही तरुणांची चैन न राहता संसारी माणसाची गाडी झाली, त्याचे काही श्रेय त्या वीतभर वाकवलेल्या लोखंडाला द्यावेच लागेल.

मागे बसणाऱ्याची वेगळी कथा आहे. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी आली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाने मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणे, मागच्याला धरायला कडे आणि पाय ठेवायला जागा देणे सक्तीचे केले. जाळीने साडी सांभाळली. सायलेन्सरच्या चटक्याला मात्र पोटऱ्या उघड्याच राहिल्या.

पावसाळ्यात या साऱ्या हुशारीचा कस लागतो. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. भिजले की ते फुगते, तळवा बुळबुळीत होतो आणि सिग्नलला टेकवलेला पाय घसरतो. कलकत्त्यात १९२०मध्ये सुरू झालेल्या बेंगॉल वॉटरप्रूफच्या डकबॅक रेनकोटांनी पिढ्यान् पिढ्या अंग कोरडे ठेवले, पण रबरी गमबूट घालून कचेरीत कोण बसणार? मुंबई-पुण्याने यावर आपला तोडगा काढला. जाताना प्लास्टिकचे सँडल, आणि चामडी बूट कचेरीच्या खणात, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत. दोन जोड बाळगण्याची ही चाल महागड्या रायडिंग गिअरच्या दुकानांच्या कितीतरी आधीची. त्यात चूक एवढीच की ओल्या, निसरड्या रस्त्यावर, म्हणजे ज्या दिवसांत पाऊल सगळ्यांत जास्त धोक्यात असते, नेमके तेव्हाच पायात सगळ्यांत तकलादू वस्तू असते.

युरोपात गोष्ट उलट दिशेने गेली. इटलीतल्या असोलो गावच्या सांते माझ्झारोलोने १९६३मध्ये अल्पाइनस्टार्स सुरू केली. तो भाग डोंगर चढण्याच्या बुटांसाठी प्रसिद्ध. ते कसब त्याने मोटोक्रॉसच्या बुटांकडे वळवले. पुढे मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक ठरले. त्यात बूट फिरत्या खरखरीत पट्ट्यावर दाबून किती वेळात झिजतो ते पाहतात, पाते आदळून किती कापला जातो ते पाहतात, बुटाची उंची मोजतात आणि तो दोन्ही बाजूंनी दाबून तळवा किती चेपतो तेही तपासतात. ही शेवटची चाचणी फार बोलकी आहे. गाडी आडवी पडून पाऊल तिच्याखाली सापडले तर काय होईल, हा प्रश्न तिच्यामागे आहे. कचेरीतला सुंदरसा डर्बी बूट हातांनीच मुडपता येतो. आता या मानकात बसणारे, पण दिसायला साधे घोट्यापर्यंतचे बूट निघतात. ते घालून गाडी चालवावी आणि तेच घालून मीटिंगला बसावे, अशी त्यांची रचना. भारतातल्या मोठ्या शहरांत ते मिळतात, पण त्यांची किंमत बघून बहुतेक जण सर्व्हिसिंगचा खर्च आठवतात.

कायद्याने पावलांकडे पाहिलेलेच नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात डोक्याची काळजी आहे, पायताणाची नाही. २०१९मध्ये दंडाच्या रकमा एकदम वाढल्या, तेव्हा चप्पल घालून गाडी चालवली तर पावती फाटते अशी आवई देशभर उठली. सप्टेंबरात नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला की चप्पल, लुंगी-बनियन किंवा अर्ध्या बाह्यांचा शर्ट यांवर दंडाची तरतूदच नाही. देशाने सुटकेचा निःश्वास सोडला. घोट्याबद्दल त्या निमित्तानेही कोणी बोलले नाही.

तरीही कामावर आणि गाडीवर एकच मजबूत बूट घालणारा वर्ग महाराष्ट्रात आहे, आणि तो शौकीन रायडरांचा नाही. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड या औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर पाळी बदलताना उभे राहिले की तो दिसतो. कारखान्याने दिलेला सेफ्टी शूज घालून कामगार घरून निघतो आणि तोच घालून मशीनवर उभा राहतो. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या सेफ्टी बुटाच्या बोटांवरच्या लोखंडी टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायचा असतो, म्हणजे साधारण वीस किलोचे वजन मीटरभर उंचीवरून बोटांवर पडले तरी. तेलावर न घसरणारा तळवा पावसातल्या डांबरावरही बरा चालतो. उणीव अशी की स्वस्त जोड बहुधा घोट्याखालीच संपतात, आणि नाडीची लांब टोके मोकळी राहिली तर फुटरेस्टला किंवा किकला अडकतात. ती आत खोचून घ्यावी लागतात.

दुसरी अडचण त्या लोखंडी टोपीचीच. तिची जाडी गिअर लिव्हरखाली मावत नाही. स्प्लेंडरसारख्या दुहेरी लिव्हरच्या गाडीवर काही बिघडत नाही, पण २००८मध्ये आलेल्या यामाहा आर१५सारख्या फक्त पुढूनच गिअर टाकायच्या गाड्यांवर दर खेपेला पाऊल उपसून काढावे लागते. लिव्हर दातेरी शाफ्टवर बसवलेली असते. बोल्ट सैल करायचा, लिव्हर ओढून काढायची, एक दाता वर सरकवून पुन्हा बसवायची. औद्योगिक वसाहतींच्या आसपासचे मेकॅनिक गिऱ्हाइकाला आधी बूट घालून गाडीवर बसायला सांगतात आणि मग पाना लावतात.