एका मसाल्याचे दोन वाटे

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. आदल्या दिवशी बैलांना पुरणाचा निवद झालेला असतो, घरात गोडधोड झालेलं असतं. करीला मात्र आमच्या कळंबच्या घरी मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली जाते आणि तिच्यावर मटणाचा गंज चढतो. तो गंज, त्याचं झाकण, त्याची पळी यांची जागा वर्षभर गोठ्यातल्या फळीवर. आतल्या चुलीला मटण माहीत नाही. बाहेरची चूल पुरुषांनी सांभाळायची, आतली बायांनी. हा दंडक माझ्या पणजीनं घातला. ती माळकरी होती आणि तिचं सगळं घर खाणारं होतं.

मी पणजीला पाहिलं नाही. ती मला मिळाली आजीच्या तोंडून, तुरीच्या शेंगा सोलताना, सरकीच्या ढिगाशी बसून. आजीला सन-साल ठाऊक नव्हतं. तिचं पंचांग वेगळं होतं: मानमोडीचं साल, पुराचं साल, भाकर महाग झाली ते साल. पणजीनं माळ घातली ती मानमोडीच्या पुढच्या वर्षी. म्हणजे 1919.

मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. हिंदुस्थानात तिनं एक कोटीहून जास्त माणसं नेली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाला तिचा तडाखा फार मोठा बसला. आजी सांगायची, त्या आश्विनात गावात सरणाला लाकडं पुरेनात. लोकांनी मरीमायला बोकड कबूल केले. आमच्या घरानंही केला. पणजी तेव्हा विशीतली, कडेवर एक पोर आणि अंथरुणात एक पोर. बोकड दिला, निवद दाखवला, आणि चौथ्या दिवशी अंथरुणातलं पोर गेलं. पणजी देवीवर रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, असं आजी सांगे: "माह्या लेकरासाठी त्या बकरीचं लेकरू गेलं. माहं बी गेलं, तिचं बी गेलं." पुढच्या कार्तिकात ती कौंडण्यपूरला गेली आणि गळ्यात तुळशीची माळ घालून आली.

कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठचं. रुक्मिणीचं माहेर म्हणून आम्हा वऱ्हाडातल्या लोकांचं त्याच्याशी लेकीसारखं नातं. तिथून आषाढीला पंढरपूरला जाणारी पालखी 1594 पासूनची सांगतात. पंढरपूर आमच्यापासून लांब, म्हणून ज्यांना वारी झेपत नाही ते कार्तिकात कौंडण्यपूर गाठतात. माळ घालायची म्हणजे मांस आणि दारू कायमची सोडायची, एकादशी धरायची, नाम घ्यायचं. वारकरी संप्रदायात कुणबी, माळी, धनगर, कोळी, तेली अशा खाणाऱ्या घरांतली माणसं पिढ्यानपिढ्या आली. त्यांतल्या फार थोड्यांचं अख्खं घर एकदम माळकरी झालं. बहुतेक घरांत एक माळ आणि बाकीचे खाणारे, असंच चाललं.

वऱ्हाडात ही रीत वारकऱ्यांच्याही आधीची असावी, असं मला वाटतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी अहिंसा शिकवली, त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त उतरवल्या, आणि अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांचं मोठं क्षेत्र झालं. आमच्या भागातही उपदेश घेतलेली माणसं आहेत. एकाच घरात थोरल्या भावानं उपदेश घेतलेला आणि धाकटा करीला बोकड आणणारा, असे दोघे भाऊ मी पाहिले आहेत. थोरला मांस खात नाही, इतर देवांचा निवदही खात नाही. तरी दोघांचं वावर एक, धान्याची कोठी एक.

पणजीची जी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते ती आजीच्या पहिल्या बाळंतपणाची. आजी अशक्त झाली होती, अंगावर दूध येईना. त्या काळी बाळंतिणीला बकऱ्याच्या पायांचा रस्सा द्यायचे. घरात सगळे गप्प, कारण सासू माळकरी, तिला विचारणार कोण? पणजीनं स्वतः गड्याला पाठवून पाय आणवले. शेजारच्या बाईला बोलावून अंगणात शिजवून घेतले. गंजाला हात लावला नाही, पण आजीच्या उशाशी ती वाटी रिकामी होईपर्यंत बसून राहिली. आजी म्हणायची, "मले लाज वाटे, तं बुढी म्हने, पी बाई, माळ माह्या गळ्यात हाय, तुह्या नाई."

या एका वाक्यावर आमचं घर उभं राहिलं आहे.

आजोबांच्या आठवणीत गाडगेबाबा होते. त्यांनी बाबांचं कीर्तन ऐकलं होतं. आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि मग रात्री त्याच गावाला प्रश्न विचारायचे, ही बाबांची पद्धत. देवाच्या नावानं मुकं जनावर का कापता, हा त्यांच्या कीर्तनातला एक कायमचा प्रश्न. 1876 मध्ये शेंडगावला परीट घरात जन्मलेल्या या माणसानं सुरुवात स्वतःच्या अंगणातून केली होती. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाचं जेवण द्यायची रीत होती, बाबांनी गोड जेवण दिलं. भाऊबंद नाराज झाले. बाबा घर सोडून निघाले 1905 साली. म्हणजे लोकांना सांगायला निघण्याच्या आधी त्यांनी आपल्याच पंगतीतली नाराजी सोसली होती. आजोबा हे सांगताना आवाज उंच करायचे. त्यांनी स्वतः मटण कधी सोडलं नाही, पण त्या कीर्तनानंतर आमच्या घरचा मरीमायचा बोकड थांबला तो कायमचा. देवीला आता नारळ आणि दहीभात जातो.

मी सोडलं ते कीर्तन ऐकून नाही आणि माळ घालूनही नाही. करीच्या दिवशी मटण धुऊन हळद-मीठ लावायचं काम माझ्याकडे असे. वाड्यातच बोकड कापलेला असायचा, परात थेट माझ्यासमोर यायची. ताजं मटण ऊन असतं. क्वचित एखादा तुकडा हाताखाली बारीक थरथरतो, कापल्यानंतरही स्नायूत जीव थोडा वेळ रेंगाळतो. लहानपणापासून हे हातांना माहीत होतं. कॉलेजात असताना एका करीला तो थरकाप तळव्याला लागला आणि मी परात पूर्ण केली, हळद-मीठ लावलं, झाकून ठेवलं. जेवायला बसले तेव्हा मात्र वाटी पुढे सरकवली नाही. त्या दिवसापासून नाही खाल्लं.

आईचा पहिला प्रश्न, "मंग खाशीन काय तू?" त्यात राग नव्हता, काळजी होती. दुसरी काळजी न बोललेली: उद्या खाणाऱ्या घरात दिली तर पोरीचं कसं होईल. माझे बाबा म्हणाले, चार दिवसांचं खूळ. मोठ्या काकांना ते आपल्या ताटाचा अपमान वाटला, ते बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत. आजी तेवढी शांत. तिनं मला जवळ बसवून सांगितलं, "आपल्या ताटाचं आपन पाहावं. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नाई. आन् नाक तं मुळीच मुरडू नाई."

वाट काढली काकूनं. काकूचा मटणाचा मसाला गावात नावाजलेला. कांदा निखाऱ्यावर सालासकट भाजायचा, सुकं खोबरं काळपट होईस्तोवर परतायचं, खसखस, धने, जिरे, दगडफूल, लवंग, मिरे वेगवेगळे भाजून लसूण-आल्यासोबत पाट्यावर वाटायचं. पुढच्या करीला तिनं वाटलेल्या गोळ्याचे दोन वाटे केले. मोठा बाहेरच्या गंजाला, लहान आतल्या भगुण्याला. बेसन हिरव्या मिरची-लसणाच्या फोडणीत घट्ट शिजवलं, तेल लावलेल्या ताटात थापलं, वरून खोबरं आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरवून शंकरपाळ्यासारख्या वड्या कापल्या. आतल्या रश्श्यावर तेलाचा लाल तवंग आला तेव्हा त्यात वड्या सोडल्या. "मसाला तं तोच हाय, मंग तुले येगळं काऊन वाटन?" ती म्हणाली. पंगतीत माझ्या ताटात पाटवडी रस्सा, बाजूला काकांच्या ताटात मटण, दोघांची भाकर एकाच तव्यावरची. काकांनी त्या दिवशी माझ्या भगुण्यातला रस्सा मागून घेतला. मी वाढला.

माझ्या वेगळेपणाला घराच्या रीतीतच जागा होती, हे मला पुढे कळलं. आमचं गाव चिंतामणीचं. चक्रवती नदीकाठच्या या देवळात गणपती जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, समोर कुंड. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं इथे आराधना केली अशी कथा. गणपतीच्या गावात राहून आमच्या घरी चतुर्थीला मटणाचं नाव निघत नाही. सोमवार नाही, गुरुवार नाही, एकादशी नाही, श्रावण तर अख्खा नाही, नवरात्र नाही. केंद्र सरकारच्या 2014 च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 40 टक्के लोक शाकाहारी निघाले. आमच्या घराची गणना उरलेल्या साठांत होईल, पण त्या घरात वर्षातले बहुतेक दिवस वरण, भाकर, आंबाडीची भाजी, सोले-वांगं आणि ठेचा हेच शिजतं. मी फक्त त्यांचे थोडे दिवस माझ्यापुरते बदलले. खाणं सोडणाऱ्यानं हे लक्षात ठेवलं तर त्याला आपलं घर परकं वाटणार नाही.

अंगाची काळजीही आजीच्या त्याच जेवणानं घेतली. तुरीच्या डाळीत शंभराला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीसोबत ती चांगली लागू पडतात. ब-12 जीवनसत्त्व मात्र भाजी-धान्यातून मिळत नाही, ते दूध-दह्यातून यावं लागतं, कमी पडलं तर डॉक्टरच्या सल्ल्यानं गोळीतून. आजीला ही नावं माहीत नव्हती. तिनं मला रोज तांब्याभर ताक मात्र चुकवू दिलं नाही.

एक गोष्ट मला इथे स्वच्छ सांगायची आहे. शाकाहार घेतला म्हणून माणूस वरच्या पायरीवर जात नाही. आपल्या समाजात ताटावरून माणसं खालीवर लावली गेली, त्याचा जाच ज्यांनी भोगला त्यांच्यासमोर आपल्या पाटवडीचा डौल मिरवणं पाप आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते स्वाभिमानासाठी, लादलेलं हीन काम आणि हीन अन्न झुगारण्यासाठी. ते सोडणं आणि माळ घालणं एका मापानं मोजता येत नाही. कळंबच्या आसपास कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावं आहेत. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींत कोलाम मोडतात. त्यांच्या देवाला कोंबडं चालतं, त्यांच्या लेकरांना अंडं मिळालं तर ते अंगी लागतं. त्या अंड्याविरुद्ध माझ्याकडे एक शब्दही नाही. पणजीनं बाळंतिणीला दिलेली वाटी मला हेच शिकवते.

आणखी एक गोष्ट आजीनं सांगितली होती, ती मला फार उशिरा उमगली. गावात माळकरी पुरुष पुष्कळ होते. त्यांच्यासाठी आतली चूल पेटवायची कुणी? त्यांच्या बायकांनी. नवऱ्यानं माळ घातली की बायकोचा स्वयंपाक दुप्पट व्हायचा, एक खाणाऱ्यांचा, एक त्याचा, आणि पुण्य त्याच्या एकट्याच्या नावावर. पणजीनं बाहेरची चूल पुरुषांच्या हाती दिली ती म्हणूनच. तिनं व्रत घेतलं आणि त्याचं ओझं दुसऱ्या बाईवर पडू नये याची तजवीजही केली. शंभर वर्षांपूर्वी, एका न शिकलेल्या बाईनं.

माझं लग्न खाणाऱ्या घरातच झालं. बोलणी चालू असतानाच आजीनं माझी अट पुढे ठेवली: ही खाणार नाही आणि शिजवणार नाही, पण कुणाला अडवणार नाही. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरी आमाले शिजवता येते." माझा मुलगा खातो, नवरा खातो, दोघंही स्वतः शिजवतात.

गेल्या वर्षी धाकट्या दिराच्या मुलानं मटण, अंडी सगळं सोडलं. जनावरांविषयी तो मनापासून बोलतो, आणि मला त्याचं पटतं. पण जेवताना तो बापाच्या ताटाकडे बघून बोलू लागला आणि घरात रोज भांडण पेटू लागलं. त्याची आई दोघांसाठी वेगवेगळं करून थकली. मी त्याला पणजीच्या वाटीची गोष्ट सांगितली, आणि काकूचा मसाला शिकवायला बसवलं. खोबरं किती काळं करायचं, खसखस कधी काढायची, बेसनात गुठळी होऊ न देता सराटा कसा फिरवायचा, सगळं. पहिल्या वेळी वड्या फुटल्या, दुसऱ्या वेळी जमल्या. यंदाच्या करीला घरभराचा मसाला त्यानं वाटला, दोन वाटे केले, आणि बापाचा वाटा आधी बाहेर नेऊन दिला.

सोडणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. कारण तुमचं कुठलंही असो, दया, देव, आरोग्य की पृथ्वीची काळजी, ते मोलाचं आहे आणि त्यावर ठाम राहा. पण आपलं आपण शिजवायला शिका, घरच्यांनाही वाढा, आणि पंगत मोडू नका. खाणाऱ्या घरांनाही सांगणं आहे: पोर वाटी नको म्हणालं तर तो तुमचा अपमान नाही, मसाल्याचा एक वाटा बाजूला काढा. वऱ्हाडातल्या साध्या घरांनी हे पिढ्यानपिढ्या करून दाखवलं आहे, ते आपल्याच्यानंही होईल.